दुखते कंबर, यंत्र मात्र डोक्याला!

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपण सगळ्याच वापरतो. कंबरदुखीवर मेंदूला चुंबकाचा किंवा विजेचा उपचार करतात म्हटल्यावर आमच्या बचत गटातल्या एका काकूंनी नेमकी हीच म्हण ऐकवली! मोठ्या शहरांतले काही खासगी दवाखाने हे उपचार देऊ लागले आहेत. त्यांच्या जाहिराती मोबाइलवरून आपल्या गावांतही पोचतात, म्हणून हा विषय आज घेतला.

आधी दुखण्याचा पसारा बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. म्हणजे दर तेरा माणसांत एकाला. आणि त्यातही बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. ते ऐकून आपल्यापैकी कुणाला नवल वाटेल असं मला नाही वाटत.

आता हा उपचार काय आहे? त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात डोक्याजवळ तारेचं वेटोळं धरतात आणि त्यातून चुंबकीय लहरींचे ठोके देतात. इंग्लंडमध्ये शेफिल्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हे तंत्र दाखवलं. अमेरिकेत २००८ मध्ये त्याला परवानगी मिळाली ती नैराश्यासाठी, कंबरदुखीसाठी नव्हे. दुसऱ्या प्रकारात मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या दोन पट्ट्या डोक्याला लावून साधारण वीस मिनिटं अगदी सौम्य वीज सोडतात. दोन्हींत चिरफाड नाही, भूल नाही. आपण ज्याला ‘शॉक देणं’ म्हणतो, ते हे नव्हे.

पण डोक्यालाच का? त्याचं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. दुखणं तीन महिन्यांहून जास्त रेंगाळलं की मज्जासंस्था आणि मेंदू हळवे होऊन बसतात. गॅस बंद केला तरी कुकरने शिट्ट्या देत राहावं, तसं काहीसं. एक्स-रे, एमआरआय ठीक येतो, तरी कळ खरीच असते. ‘रिपोर्टमध्ये काही नाही, हिचं आपलं मनाचंच’ असं सासरचे, कधी डॉक्टरही बोलून जातात. मैत्रिणींनो, वेदनेत मेंदूचा वाटा असणं म्हणजे वेदना खोटी असणं नव्हे! ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे आपण म्हणत होतोच. आता विज्ञानही तेच सांगतंय.

मग करून घ्यावा का हा उपचार? इथे जरा थांबा. २०१८ मध्ये कॉक्रेन या संस्थेने जुनाट वेदनांवरच्या अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत सुमारे तीन हजार रुग्ण होते. काहींना थोडा वेळ थोडा आराम पडतो असं दिसलं, पण पुरावा कच्चा आणि चाचण्या बहुतेक छोट्या. खास कंबरदुखीची एक चाचणी जर्मनीत झाली, ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. १३५ रुग्णांपैकी निम्म्यांना पाच दिवस विजेचा उपचार दिला, निम्म्यांना नुसता दिल्यासारखा केला. कुणाला खरा, कुणाला खोटा हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. वेदनेत दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

म्हणजे संशोधन चालू राहावं, पण त्यासाठी आपल्या पाटल्या मोडायची वेळ अजून आलेली नाही. हा उपचार एका दिवसात संपत नाही, पुन्हापुन्हा जावं लागतं. गाडीभाडं, शहरात मुक्काम आणि मागे घराचं कोण बघणार, हाही खर्चच. तरी कुणी सुचवलाच तर तीन प्रश्न स्पष्ट विचारा. माझ्याच दुखण्यावर याचा पुरावा काय? आराम किती दिवस टिकेल? एकूण खर्च किती? आणि फिट येत असेल, डोक्यात किंवा कानात धातूचं काही बसवलेलं असेल, पेसमेकर असेल, तर ते आधी सांगा.

मग उपयोगाचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन जाहीर केलं. ज्या दुखण्यामागे दुसरा आजार सापडत नाही, त्यासाठी नियमित व्यायाम, दुखण्याची नीट माहिती, मनाला बळ देणारं समुपदेशन, गरजेपुरती सूज-वेदनेची औषधं, हे त्यात आहे. कमरेचा पट्टा आणि वजन लावून ताणणं मात्र नेहमीच्या उपचारात नको, असं म्हटलंय. आपल्याकडे किती घरांत खुंटीला तो पट्टा लटकतो, आठवा! मात्र ताप, वजन घटणं, पायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, पडल्यानंतरचं दुखणं, यांपैकी काही असेल तर व्यायाम नंतर, आधी डॉक्टर.

व्यायाम सांगणं सोपं आहे हो. पण तो करायला अर्धा तास द्यायचा कुणी? पाण्याच्या घागरी, धुणं, गोठा, वाकून केर, हे सगळं एकाच कमरेवर असेल तर कुठलंही यंत्र काय करणार? घरातल्या मुलग्यांनी घागर उचलली, ओटा उंच करून घेतला, उभ्याने मारायचा झाडू आणला, तर खर्च थोडा आणि आधार मोठा. आणि आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे का, कोणत्या दिवशी बसतो, हे ग्रामसभेत, नगरपालिकेत विचारायला काय हरकत आहे? चौघीजणी मिळून गेलो तर उत्तर द्यावंच लागतं.

‘पी हळद आणि हो गोरी’ असं कंबरदुखीत होत नाही. मेंदूवरचे हे उपचार उद्या पक्के सिद्ध झाले, तर आपल्या जिल्ह्याच्या दवाखान्यात ते हक्काने मागू. तोवर ‘मला दुखतंय’ हे घरात मोठ्याने म्हणायला आणि रोजचा अर्धा तास स्वतःसाठी मागून घ्यायला कुठलंच यंत्र लागत नाही.