राग शब्दांवर, ताबा दुसऱ्याचा

थॉमस जेफरसन यांनी व्हर्जिनियाविषयीच्या आपल्या पुस्तकात ‘बिलिटल’ हे क्रियापद वापरले, म्हणून १७८७ साली लंडनच्या एका मासिकाने त्यांची यथेच्छ टिंगल केली. १८३२ मध्ये कवी कोलरिज ‘टॅलेंटेड’ या विशेषणावर घसरले आणि असली भाषा बहुतेक अमेरिकेतूनच येते, असे त्यांनी ठरवून टाकले. १९०६ मध्ये फाउलर बंधूंनी शुद्ध इंग्रजीविषयीच्या आपल्या पुस्तकात अमेरिकी शब्दांना परके शब्द म्हणूनच वागवावे, असा दंडक घातला. १९९५ मध्ये तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी ब्रिटिश कौन्सिलच्या कार्यक्रमात अमेरिकी वळणाने इंग्रजी बिघडते आहे, अशी खंत व्यक्त केली. २०११ मध्ये बीबीसीने वाचकांना नावडते अमेरिकी शब्दप्रयोग कळवायला सांगितले, तेव्हा उत्तरांचा पाऊस पडला आणि त्यांतले पन्नास निवडून प्रसिद्ध झाले.

‘बिलिटल’ आणि ‘टॅलेंटेड’ आज लंडनमध्ये कोणालाही खटकत नाहीत. ते कधी काळी खटकत होते, हेही कोणाला आठवत नाही. सव्वादोनशे वर्षांच्या या लढाईत तक्रार करणारा पक्ष बहुतेक वेळा हरला आणि तरीही थकला नाही. आता त्याच्या रोषाचे धनी वेगळे आहेत: कॉफी मागताना ‘कॅन आय गेट’ म्हणणारा तरुण, ‘रेल्वे स्टेशन’ला ‘ट्रेन स्टेशन’ म्हणणारी घोषणा, मालिकेच्या नव्या पर्वाला ‘सीझन’ म्हणणारे समीक्षक, भेटायचे सोडून ‘रीच आउट’ करणारे साहेब. पन्नास वर्षांनी यांतलेही बहुतेक शब्द रुळलेले असतील. ब्रिटिश माणसाची ही चीड खोटी नाही. ती चुकीच्या दारावर थाप मारते, आणि तिथे थाप मारण्यात जो वेळ जातो तेवढ्यात खरा व्यवहार दुसऱ्या दाराने उरकला जातो.

शब्दांच्या तक्रारीत पहिली अडचण माहितीची आहे. ‘सॉकर’ हा शब्द अमेरिकी म्हणून हिणवला जातो. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्याच विद्यार्थ्यांच्या बोलीत घडला. ‘गॉटन’ हे रूप शेक्सपिअरच्या काळी इंग्लंडात सर्रास होते. तिथे ते मागे पडले आणि समुद्रापलीकडे टिकले. क्रियापदाच्या शेवटी ‘झेड’ लिहिणे ही अमेरिकी खोड मानली जाते, पण ऑक्सफर्डचा मोठा शब्दकोश आजही तसेच लिहितो. हॅलोविनला घरोघर फिरणारी मुले पाहून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांना सांगावे लागते की सोंगे घेऊन दारोदार जाण्याची चाल स्कॉटलंड-आयर्लंडची आहे. ती तिथल्या लोकांबरोबर बोटीने गेली आणि भोपळा घेऊन परत आली.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे, कारण ती वर्गाची आहे. १९५५ मध्ये ब्रिटिश संसदेने मुलांसाठी घातक प्रकाशनांविरुद्ध कायदा केला. त्याचा रोख अमेरिकी धर्तीच्या भयकथांच्या कॉमिक्सवर होता, आणि त्यासाठी शिक्षक, चर्च आणि कम्युनिस्ट पक्ष एकाच बाजूला उभे राहिले होते. १९५७ मध्ये रिचर्ड हॉगर्ट यांनी कामगारवर्गाच्या संस्कृतीवरच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात मिल्क बारमध्ये ज्यूकबॉक्सभोवती घुटमळणाऱ्या पोरांवर कोरडे ओढले. हॉगर्ट स्वतः लीड्सच्या कामगारवस्तीत वाढलेले, त्यामुळे त्यांची तळमळ खरी होती. पण एरवी ‘अमेरिकी’ या शिक्क्याआड बऱ्याचदा एवढेच असते की गरीब घरच्या तरुणांची आवड वरच्यांना रुचत नाही. न्यूयॉर्कहून आलेले नाटक लंडनच्या नाट्यगृहात भरभरून चालते. त्याला कोणी आक्रमण म्हणत नाही.

मग काहीच बिघडत नाही काय? बिघडते. कुठे, ते ब्लॅक फ्रायडेच्या उदाहरणावरून स्वच्छ दिसते. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असते आणि दुसऱ्या दिवशी दुकानांत सवलतींची झुंबड उडते. ब्रिटनमध्ये तो गुरुवारच नाही. त्यामुळे त्या शुक्रवारला काही अर्थ असण्याचे कारण नव्हते. २०१० मध्ये अ‍ॅमेझॉनने तो ब्रिटिश संकेतस्थळावर आणला. २०१३ मध्ये अ‍ॅस्डा या सुपरमार्केट साखळीने तो दुकानांत आणला. अ‍ॅस्डाची मालकी तेव्हा अमेरिकेच्या वॉलमार्टकडे होती. २०१४ मध्ये दूरचित्रवाणी संचांवरून दुकानांत धक्काबुक्की झाली आणि पोलिसांना बोलवावे लागले. वर्तमानपत्रांनी लोकांच्या हावरटपणावर आणि अमेरिकी संस्कृतीच्या लाटेवर अग्रलेख लिहिले. पण हा सण कोणाच्या बोलण्यातून पसरला नव्हता. तो मालकाच्या वेळापत्रकातून उतरला होता. अ‍ॅस्डाचे मुख्यालय लीड्समध्ये होते आणि मालक आर्कान्सॉमध्ये, एवढे लक्षात घेतले की बरेचसे कोडे सुटते.

हे ब्रिटिशांना पूर्वी नीट कळत होते. १९२० च्या दशकात अमेरिकेत खासगी रेडिओ केंद्रांची जी बजबजपुरी माजली होती, ती पाहून त्यांनी वेगळा मार्ग निवडला: श्रोत्यांकडून लायसन्स फी आणि जाहिरातींविना चालणारी बीबीसी. त्याच दशकाच्या मध्याला ब्रिटिश पडद्यावर ब्रिटिश चित्रपट जेमतेम पाच टक्के उरले होते. म्हणून १९२७ च्या कायद्याने चित्रगृहांवर आणि वितरकांवर देशी चित्रपटांचा वाटा बांधून दिला. त्यातून ‘कोटा क्विकी’ म्हणून बदनाम झालेले पुष्कळ सुमार चित्रपट निघाले, त्यांतले कित्येक अमेरिकी कंपन्यांनीच अट भागवण्यापुरते काढवून घेतलेले. पण याच घाईच्या कामावर मायकेल पॉवेल यांच्यासारख्या दिग्दर्शकाचा हात बसला. उपाय सदोष होता. निदान रोगाचे नाव बरोबर होते.

१९५३ चा प्रसंग तर याहून बोलका आहे. राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाचे प्रक्षेपण अमेरिकेत दाखवताना एनबीसीच्या सकाळच्या कार्यक्रमात जे. फ्रेड मग्स नावाचा चिंपांझी अधूनमधून झळकला. ब्रिटनमध्ये संताप उसळला. खासगी दूरचित्रवाणीला परवानगी द्यावी की नाही, हा वाद तेव्हा ऐन रंगात होता, आणि तो चिंपांझी त्या वादात पुरावा म्हणून उभा राहिला. १९५४ च्या कायद्याने आयटीव्ही या खासगी वाहिनीला वाट दिली, पण अटी घालून: जाहिरातदाराने वेळ विकत घ्यावा, कार्यक्रम नव्हे; वर देखरेखीला एक सार्वजनिक मंडळ. पुढे परदेशी कार्यक्रमांचे प्रमाणही सुमारे १४ टक्क्यांवर रोखून धरले गेले. संतापाचे रूपांतर नियमात झाले. त्या चौकटीत ब्रिटिश दूरचित्रवाणीची पुढली काही दशके बहरली आणि तिचे कार्यक्रम अमेरिकेने विकत घेतले.

आजची स्थिती याच्या अगदी उलट आहे. २०१० मध्ये क्राफ्ट या अमेरिकी कंपनीने बर्मिंगहॅमची कॅडबरी सुमारे साडेअकरा अब्ज पौंडांना घेतली. ब्रिस्टलजवळचा सोमरडेलचा कारखाना आपण चालू ठेवू शकू, असे बोलीच्या वेळी सांगितले होते. ताबा मिळताच काही दिवसांत तो बंद करण्याचे जाहीर झाले. कंपन्यांच्या खरेदी-विक्रीवर लक्ष ठेवणाऱ्या मंडळाने क्राफ्टवर उघड ताशेरे ओढले आणि २०११ मध्ये नियम कडक केले, पण कारखाना गेला तो गेलाच. २०१४ मध्ये लंडनची डीपमाइंड गूगलकडे गेली. कृत्रिम बुद्धिमत्तेतले जगातले एक अग्रगण्य पथक लंडनमध्येच बसते, त्याच्या डेमिस हसाबिस यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळते, आणि अंतिम निर्णय कॅलिफोर्नियात होतो. वर्तमानपत्रांना पत्रे लिहिणारे मात्र ‘ट्रेन स्टेशन’वर रागावलेले असतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते याला.

‘अ‍ॅडोलेसन्स’ ही २०२५ ची मालिका घ्या. तेरा वर्षांचा इंग्रज मुलगा, वर्गातल्या मुलीचा खून, आणि इंटरनेटवरून मुलांच्या डोक्यात शिरणारा स्त्रीद्वेष. लेखक ब्रिटिश, नट ब्रिटिश, चित्रीकरण यॉर्कशायरमधले. पंतप्रधान स्टार्मर संसदेत तिच्याविषयी बोलले, डाउनिंग स्ट्रीटवर बैठक झाली, आणि माध्यमिक शाळांना ती मोफत दाखवायचे ठरले. ही मोफत परवानगी द्यायची कोणी? नेटफ्लिक्सने. एका देशाने आपल्या मुलांविषयी केलेली त्या वर्षातली सर्वांत मोठी चर्चा परदेशी कंपनीच्या ओसरीवर झाली. त्याआधीच, २०२२ मध्ये, सरकारने बीबीसीची लायसन्स फी दोन वर्षांसाठी १५९ पौंडांवर गोठवली होती, तीही महागाई चढत असताना. ‘सीझन’ या शब्दावर जितकी शाई खर्च झाली तितकी या दोन गोष्टींमधल्या संबंधावर झाली असती, तर काही उपयोग होता.

याहूनही खोल जाणारी उसनवारी विचारांची आहे. मे २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिनिआपोलिसच्या पोलिसांनी जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव घेतला आणि लंडनमध्ये प्रचंड निदर्शने झाली. त्यामागचा क्षोभ रास्त होता. पण जिथले बहुतेक पोलीस बंदूक बाळगत नाहीत, तिथे त्यांच्यासमोर ‘हात वर आहेत, गोळी घालू नका’ या अर्थाची अमेरिकी घोषणा दिली गेली. ब्रिटनचा स्वतःचा इतिहास काही कमी बोचरा नाही. १९९३ मध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा वंशद्वेषातून खून झाला, त्याच्या तपासाविषयीच्या १९९९ च्या मॅक्फर्सन अहवालाने लंडनच्या पोलीस दलातला संस्थात्मक वंशद्वेष नोंदवला, आणि २०१८ मध्ये विंडरशच्या पिढीवर, म्हणजे महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांतून आलेल्या लोकांवर, झालेला अन्याय उघडा पडला. हे सारे हाताशी असताना दुसऱ्याच्या नकाशावर आपले गाव शोधले, तर आपल्या रोगावरचा इलाज दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून होतो. ही चूक डाव्यांपुरती नाही. पोलीस आयुक्त लोकांनी निवडावेत, ही कल्पना उजव्यांनी अमेरिकेच्या निवडून येणाऱ्या शेरीफकडे बघत पुढे रेटली. २०१२ च्या पहिल्या निवडणुकीत इंग्लंड आणि वेल्समधले जेमतेम १५ टक्के मतदार फिरकले. शब्दांवर चिडणाऱ्यांच्या कपाळाला त्या कल्पनेवर आठी पडली नव्हती, कारण तिचे शब्द अस्सल ब्रिटिश होते.

ब्रिटिशांनी अलीकडे एकदा नेम बरोबर साधला. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा श्रीमंत फुटबॉल क्लबांनी स्वतंत्र सुपर लीग जाहीर केली. त्यांत सहा इंग्लिश क्लब होते आणि त्यांपैकी मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल व आर्सेनल अमेरिकी मालकांचे. अमेरिकी धर्तीवर मोठ्या क्लबांची जागा कायमची पक्की करायची, म्हणजे खराब खेळून खालच्या गटात घसरण्याचा धोकाच उरणार नाही, अशी ती योजना होती. चाहते मैदानांबाहेर जमले. ‘सॉकर’ म्हणावे की ‘फुटबॉल’, यावर तिथे कोणी भांडले नाही. क्लब कोणाचा आणि हरण्याची शिक्षा सर्वांना सारखी का नको, हा त्यांचा प्रश्न होता. तीन दिवसांच्या आत सहाही इंग्लिश क्लब मागे फिरले. पुढे चौकशी झाली आणि २०२५ मध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदाही झाला. मालक अमेरिकीच राहिले, पण त्यांच्या हातांना मर्यादा आल्या.

मराठी वाचकाला हे सगळे वाचताना थोडी गंमत वाटणे साहजिक आहे. ज्यांनी दीडशे वर्षे आपली भाषा इतरांच्या कचेऱ्यांत आणि शाळांत बसवली, त्यांना आता दुसऱ्याची भाषा टोचते आहे. पण या समाधानात फार वेळ घालवू नये. आपणही दुकानाच्या पाटीवरच्या इंग्रजी शब्दावर जेवढे तावातावाने बोलतो, तेवढे मराठी शाळेच्या पटसंख्येवर किंवा मराठी चित्रपटाला मिळणाऱ्या खेळाच्या वेळेवर बोलत नाही. सावरकरांच्या भाषाशुद्धीतले ‘महापौर’ आणि ‘दिग्दर्शक’ हे शब्द टिकले, कारण ते रोज वापरणारी महापालिका होती, चित्रपटाचा धंदा होता. ज्या शब्दांना असे घर मिळाले नाही, ते यादीतच राहिले.

शब्दांची ये-जा चालूच राहणार आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी चालते. अनेक ब्रिटिश शब्द हल्ली अमेरिकी वर्तमानपत्रांत दिसतात. त्यावर कुरकुरायला कोणाची ना नाही. फक्त कुरकुर म्हणजे प्रतिकार, असा समज करून घेणे महागात पडते. समाजाचा राग अमर्याद नसतो. तो उच्चार, स्पेलिंग आणि भोपळ्यांवर खर्ची पडला, तर प्रसारणाचा पैसा, कारखान्याची विक्री आणि धोरणाची नक्कल यांच्या वेळी कोणी उठून विचारत नाही. म्हणून बाहेरून काही आले की ते कानाला कसे लागते, हे नंतर पाहावे. ते कोणाच्या निर्णयाने आले, आणि नको असेल तर आपल्याला ते नाकारता येईल का, हे आधी विचारावे.