पहिला नंबर आणि वर्गप्रतिनिधी

दरवर्षी 25 जानेवारीला आपल्या महाविद्यालयांतून राष्ट्रीय मतदार दिन साजरा होतो. 2011 पासून सुरू झालेला हा उपक्रम आता गणेशोत्सवाच्या आरतीइतका सवयीचा झाला आहे. सकाळी मुले रांगेत उभी राहून शपथ घेतात, मुली प्रवेशद्वाराशी रांगोळी काढतात, घोषवाक्यांची स्पर्धा होते आणि ‘युवक आणि लोकशाही’ या विषयावर चार-दोन विद्यार्थी पाठ केलेले भाषण म्हणून दाखवतात. आमच्यापैकी एक जण अशाच एका स्पर्धेला परीक्षक म्हणून गेला होता. परतताना त्याची नजर कार्यालयाबाहेरच्या सूचनाफलकावर गेली. तेथे लिहिले होते की, विद्यार्थ्यांनी सामूहिक निवेदने देऊ नयेत. तक्रार असल्यास प्रत्येकाने स्वतंत्रपणे लेखी द्यावी. खाली प्राचार्यांची सही आणि शिक्का. रांगोळी त्या फलकापासून फार तर वीस पावलांवर होती.

‘आजच्या तरुणांना देशाचे काही पडलेले नाही’ अशी तक्रार ऐकली की आम्हांला तो फलक आठवतो. आमचे म्हणणे असे की, तरुणांना काही पडलेले नाही हे निदान मुळात चुकीचे आहे. त्यांना पडलेले असू नये अशी व्यवस्था आपण, म्हणजे त्यांच्या आईबापांच्या आणि शिक्षकांच्या पिढीने, बरीच काळजी घेऊन उभी केली आहे.

ही व्यवस्था कशी उभी राहिली हे नीट पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात एके काळी महाविद्यालयीन निवडणुका होत असत. त्या निर्मळ होत्या असे आम्ही म्हणणार नाही. पैसा, पक्ष आणि हाणामाऱ्या यांनी त्या ग्रासल्या होत्या. 1989 साली मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. त्यानंतर समाजाला या निवडणुकांचा उबग आला असल्यास नवल नाही. 1994 च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने त्यावर तोडगा काढला. आदल्या वर्षीच्या परीक्षेत ज्याला सर्वाधिक गुण तो वर्गाचा प्रतिनिधी, आणि त्यांच्या जोडीला खेळ, सांस्कृतिक कार्य, राष्ट्रीय सेवा योजना इत्यादींतून प्राचार्यांनी निवडलेले काही विद्यार्थी.

हा तोडगा इतका सोयीचा होता की त्यातली गंमत कुणाच्या लक्षात आली नाही. प्रतिनिधी म्हणजे ज्याला इतरांनी आपल्या वतीने बोलायला पाठवले तो. गुणपत्रिकेने पाठवलेला मनुष्य कुणाच्या वतीने बोलणार? पहिल्या नंबराच्या मुलाविषयी आम्हांला आदर आहे (आमच्यापैकी दोघे त्या जातीचे होते), पण त्याचे वर्गाशी असलेले नाते बहुधा वह्या उसन्या देण्यापुरते असते. स्वच्छतागृहात पाणी नाही, ग्रंथालय चारला बंद होते, शिष्यवृत्तीचा अर्ज तीन वेळा परत आला, या गोष्टी त्याने मांडाव्यात अशी अपेक्षा कुणी केली नाही, त्यानेही केली नाही. वीस-बावीस वर्षे ही पद्धत चालली. त्या काळात शिकून बाहेर पडलेले लोक आज पालक आहेत, प्राध्यापक आहेत, काही प्राचार्यही आहेत. मत मागणे, हरणे, हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात जाऊन बसणे, हा अनुभव त्यांतल्या फार थोड्यांच्या गाठी आहे.

मधल्या काळात देशपातळीवर वेगळा विचार झाला होता, हे येथे सांगितले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या लिंगडोह समितीने 2006 साली अहवाल दिला आणि न्यायालयाने त्याच वर्षी तो स्वीकारला. समितीने निवडणुका बंद करा असे म्हटले नाही; त्यांना लगाम घाला असे म्हटले. उमेदवाराचा खर्च पाच हजार रुपयांच्या आत, छापील पत्रकांना बंदी, हाताने लिहिलेले फलकही नेमून दिलेल्या जागीच, पंचाहत्तर टक्के हजेरी, अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सारे दहा दिवसांत. या नियमांतले काही आम्हांला जाचक वाटतात. पदासाठी आयुष्यात एकदाच उभे राहण्याची अट तर हरलेल्याला काही शिकूच देत नाही. तथापि रोग झाला म्हणून अवयव कापण्याऐवजी औषध देण्याचा तो प्रयत्न होता.

महाराष्ट्रात 2016 चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला आणि त्याच्या 99 व्या कलमाने विद्यार्थी परिषदेची खुली निवडणूक पुन्हा आणली. कागदावर. 2019 साली वेळापत्रक निघाले, विधानसभेच्या निवडणुकीचे कारण सांगून ते पुढे गेले, त्यापुढच्या वर्षी करोनाने महाविद्यालयेच बंद केली. देशाची निवडणूक आली म्हणून विद्यार्थ्यांची निवडणूक नको, हा युक्तिवाद ऐकून त्या वेळी आम्ही हसलो होतो. पोहण्याची शर्यत जवळ आली म्हणून तलाव रिकामा करावा, तसे ते होते.

यावर आमचे एक ज्येष्ठ स्नेही नेहमी म्हणतात, “अहो, पोरांनी शिकावे. राजकारण आयुष्यभर आहेच.” या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. खेड्यातून आलेला मुलगा कुठल्या तरी पक्षाच्या मागे झेंडा घेऊन पळतो, तीन वर्षे संपतात, पदवी राहते आणि नेता त्याला ओळखही देत नाही, अशी उदाहरणे आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. आईबापांची भीती खरी आहे. परंतु झेंडा घेऊन पळणे म्हणजेच राजकारण, असे त्या मुलाला का वाटले? त्याच्यापुढे दुसरे कोणतेही राजकारण आपण कधी ठेवलेच नाही म्हणून. महाविद्यालयाने आपल्या आवारातून मतभेद हद्दपार केले, आणि फाटकाबाहेर जो पहिला भेटला त्याच्या मागे मुलगा गेला.

राजकारणाचा आरंभ बहुधा फार लहान जागी होतो. 1973 च्या डिसेंबरात अहमदाबादच्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी मेसचे बिल वाढले म्हणून चिडले. जेवणाच्या ताटावरून सुरू झालेली ती गोष्ट महागाईपर्यंत आणि भ्रष्टाचारापर्यंत गेली, तिचे नवनिर्माण आंदोलन झाले आणि 1974 च्या फेब्रुवारीत गुजरातच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. त्या आंदोलनात हिंसा झाली, माणसे मेली. त्याचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. मेसच्या बिलापासून राज्याच्या कारभारापर्यंत जाणारा रस्ता किती थोडा आहे, एवढेच आम्हांला दाखवायचे आहे. मराठी वाचकाला मेस म्हटले की ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर आठवेल. तोही वसतिगृहाच्या कारभारात उत्साहाने शिरतो आणि पोळून निघतो. त्या कादंबरीतले तुटलेपण आपण पुष्कळ वाखाणले. पण कारभारात हात घालून पोळलेल्या मुलाशी त्या वेळी कुणी वडीलधारा नीट बोलला असता तर, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारला नाही. असो, तो वेगळा विषय आहे.

आता एक गोष्ट, जी सांगताना आम्हांला संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका महाविद्यालयात आमच्यापैकी एक जण शिकवत होता. शेवटचा तास साडेचारला सुटे आणि पूर्वेकडच्या गावांना जाणारी शेवटची बस चार वाजता निघे. मुले कशीही, कुणाच्याही दुचाकीवरून घरी जात. मुली शेवटचे दोन तास बुडवत, आणि परीक्षेला बसण्याची वेळ आली की हजेरी कमी भरे. द्वितीय वर्षाच्या एका मुलीने अर्ज लिहिला, एकेचाळीस सह्या गोळा केल्या आणि आठ-दहा जणींना घेऊन ती आगारप्रमुखांकडे गेली. त्यांनी अर्ज घेतला, पोच दिली. दुसऱ्या दिवशी ही बातमी महाविद्यालयात पोचली आणि शिस्तपालन समितीची बैठक बसली. परवानगीवाचून महाविद्यालयाचे नाव वापरले, हा आरोप. मुलीच्या वडिलांना बोलावून घेतले. ते शेतावरून तसेच आले होते. हात जोडून उभे राहिले, “चुकलं पोरीचं, सर” म्हणाले. मुलीने माफीपत्र लिहून दिले. त्या समितीवर आमचा मित्र होता. त्याने काही बोलायला हवे होते हे त्याला तेव्हाही कळत होते. तो बोलला नाही. त्या कागदावर त्याचीही सही आहे.

पुढे महिन्याभरात बस पाच वाजता सुटू लागली. अर्जामुळे की आणखी कशामुळे, ते कळले नाही. मुलगी मात्र वर्षअखेरीस महाविद्यालयातून निघून गेली. घरच्यांनी लग्न ठरवले होते असे मैत्रिणी म्हणाल्या. आजही त्या बसने मुली जातात, आणि ती पाच वाजता का सुटते हे त्यांतल्या एकीलाही ठाऊक नसेल.

त्या मुलीने जे केले ते राज्यशास्त्राच्या कोणत्या प्रश्नपत्रिकेत बसते? अडचण ओळखली, ज्यांची अडचण आहे त्यांना एकत्र केले, ज्याच्या हाती उपाय आहे तो अधिकारी शोधला, लेखी मागणी केली, पोच घेतली. पदवीच्या तीन वर्षांत आम्ही जे शिकवू शकलो नाही ते तिने एका दुपारी केले, आणि त्याबद्दल आम्ही तिच्याकडून माफी लिहून घेतली. राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत 240 तास काम करावे अशी योजना आहे. 1969 पासून चालत आलेला हा चांगला उपक्रम आहे. त्यात मुले रस्ते झाडतात, झाडे लावतात, सात दिवसांच्या शिबिरात गावात राहतात. पण गावातला रस्ता ग्रामपंचायतीने का झाडला नाही, हा प्रश्न शिबिरात विचारलेला आम्ही क्वचितच ऐकला. श्रमदान चालते, प्रश्न चालत नाही.

वास्तविक दारे आहेत आणि ती कायद्यानेच उघडी ठेवली आहेत. मतदार यादीत नाव असलेला गावातला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो. अठरा वर्षांचा विद्यार्थीही. वर्षातून किमान चार सभा व्हायच्या असतात आणि त्या बहुधा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी ठेवतात. चारही दिवस महाविद्यालयाला सुट्टी! गणपूर्तीला मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली कमी असेल ती संख्या पुरते, आणि बहुतेक गावांत तीही जमत नाही. सुट्टीला घरी गेलेली दहा मुले त्या सभेत जाऊन बसली आणि त्यांनी पाणीपट्टीचा हिशेब विचारला, तर सरपंचांना त्या दिवशी नुसते झेंडावंदन करून निघता येणार नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आम्ही एका वर्गात निबंधाऐवजी हा अर्ज लिहायला दिला तेव्हा सर्वांत अवघड काय गेले असेल? ‘कोणती माहिती हवी’ हे एका वाक्यात नेमके लिहिणे. भाषेच्या शिक्षकांनी याचा विचार करावा.

शहरातल्या मुलांची स्थिती अधिक चमत्कारिक. पुण्याच्या महापालिकेची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली आणि नवी निवडणूक 2026 च्या जानेवारीत झाली. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकांची. म्हणजे 2022 च्या जूनमध्ये प्रथम वर्षात आलेला मुलगा 2025 मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला, आणि त्या साऱ्या काळात त्याच्या प्रभागाला नगरसेवक नव्हता. तक्रार कुणाकडे करायची हे त्याने शिकायचे कुठे? ‘मुले उदासीन आहेत’ असे म्हणणाऱ्यांनी ही चार वर्षे मोजली आहेत काय?

वसतिगृहात राहणाऱ्यांची आणखी एक अडचण असते. मतदानाच्या दिवशी गावी जायला परीक्षा आडवी येते, आणि शहरात नाव नसते. वास्तविक शिक्षणासाठी बाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याला गावी किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, जेथे हवे तेथे (अर्थात एकाच ठिकाणी) नाव नोंदवता येते. त्यासाठी नमुना 6 आणि संस्थाप्रमुखाने सही केलेले एक प्रतिज्ञापत्र लागते. पूर्वी 1 जानेवारी ही एकच अर्हता तारीख होती; 2021 च्या दुरुस्तीनंतर एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर यांच्या पहिल्या तारखाही आल्या, आणि सतरा पुरी झालेल्याला आगाऊ अर्जही करता येतो. प्रवेशाच्या दिवशी वसतिगृहाच्या अर्जासोबत हाही अर्ज ठेवला तर काम तिथल्या तिथे होईल.

आम्ही हे एका प्राचार्यांना सुचवून पाहिले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, चहा मागवला आणि विचारले, “कोणत्या परिपत्रकानुसार?”

परिपत्रक आमच्याजवळ नव्हते. दोनशे कोरे अर्ज मात्र आम्ही छापून नेले होते. ते त्यांच्या कपाटावर ठेवून आलो आहोत.