एनडीए हे ध्येय नव्हे

आमच्या सदनात बहुतेक कपाटांच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत तीनच अक्षरे असतात : एनडीए. कागद लावू नये असे मी म्हणत नाही, पण त्याला ध्येय म्हणायला मी तयार नाही. ते खडकवासल्याच्या एका संस्थेचे नाव आहे. रात्री दिवे मालवण्याआधी त्या कागदाला 'आज माझे किती काम झाले?' असे विचारले, तर तो काय उत्तर देणार?

लेखी परीक्षा 900 गुणांची, एसएसबी 900 गुणांची, त्यानंतर वैद्यकीय तपासणी आणि शेवटी गुणवत्ता यादी. यातला निकाल आपल्या हातात नाही. तो इतरांच्या तयारीवर आणि निवड मंडळाच्या मतावर ठरतो. आपल्या हातात आहे ती गोष्ट फार साधी आणि थोडी कंटाळवाणी आहे. गणिताच्या पेपरात 120 प्रश्न आणि 150 मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला 75 सेकंद. बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकले तर साधारण 0.83 गुण वजा. जो मुलगा अंदाजाने ठोकलेली दहा चुकीची उत्तरे कोरी सोडायला शिकतो, तो एकही नवे सूत्र पाठ न करता आठ गुण वाचवतो. 'या महिन्यात रविवारच्या सराव पेपरातली चुकीची उत्तरे 25 वरून 15 वर आणीन', याला मी ध्येय म्हणतो. ते मोजता येते, त्याला तारीख आहे आणि ते चुकले तर कुठे चुकले हे कळते.

मी भिलाईचा आहे, म्हणून हे मला चटकन पटले असेल. आमच्या गावात सगळे टनांतच बोलतात. फेब्रुवारी 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. 'देशाला पोलादात स्वावलंबी करू' हे स्वप्न होतेच, पण कारखाना उभा राहिला तो वर्षाला 10 लाख टन या आकड्यावर. तो गाठल्यावर 25 लाख, पुढे 40 लाख.

आणि ती भट्टी उत्साहावर चालत नाही. ब्लास्ट फर्नेस एकदा पेटली की वर्षानुवर्षे रात्रंदिवस चालू ठेवावी लागते. आत थंड झाली तर वितळलेला माल तिथेच गोठून बसतो. म्हणून तीन पाळ्या. सेक्टरमधून रात्रपाळीला सायकल काढणाऱ्या काकांना 'आज मूड आहे का?' असे कोणी विचारत नाही. आम्ही मुले मात्र आधी मूड शोधतो. सुट्टीत घरी असलो की मोबाइलवर प्रेरणादायी भाषणे ऐकतो, छाती फुगते, आणि पहाटे पीटीच्या शिट्टीपर्यंत त्यातली हवा निघून गेलेली असते. माझा अनुभव उलटा आहे. प्रेपमध्ये पहिली पाच गणिते नाइलाजाने सोडवली की सहाव्याला गोडी लागते. उत्साह कामाच्या मागून येतो. त्याची वाट पाहत बसले तर वही कोरीच राहते.

यावर माझ्या मित्राचे म्हणणे असे, की काकांना पगार मिळतो, आपल्याला स्वप्नच पुढे ओढते. ते काढून घेतले तर उरते हमाली. त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. स्वप्न हवे. पण रोजचे काम त्याच्यावर टांगले, की स्वप्नाबरोबर कामही खाली येते. आमच्या एका सीनियरला एसएसबीत पहिल्याच दिवशी स्क्रीनिंगमधून परत पाठवले. परत आल्यावर त्याने पहिले काम केले ते कपाटावरचा कागद फाडण्याचे, आणि पुढचे दोन आठवडे तो धावायलाही आला नाही. तीन अक्षरांच्या त्या कागदात 'पास' किंवा 'नापास' एवढेच होते. त्याची वर्षभर सुधारलेली धाव आणि सुटलेली इंग्रजीची भीती कुठे लिहिलेलीच नव्हती.

सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर सैन्यात ईएमईमध्ये होते आणि मुष्टियोद्धे होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून ते कमरेखाली अधू झाले. मुष्टियुद्ध तिथेच संपले. पोहणे सुरू झाले ते उपचाराचा भाग म्हणून. तेव्हा समोर पदक नव्हते, आज कालच्यापेक्षा थोडे जास्त हात मारायचे एवढेच असणार. 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेतले. पॅरालिम्पिकमधले भारताचे ते पहिले सुवर्ण. 1965 साली त्यांच्या कपाटावर 'मुष्टियुद्ध' एवढेच लिहिलेले असते तर?

एनडीएसाठी वयाची मर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस, म्हणजे संधी मोजक्याच. पण पदवीनंतर सीडीएस आहे, एनसीसीची विशेष भरती आहे, बारावीनंतर तांत्रिक प्रवेश आहे. त्या प्रत्येक दारापाशी गणिताचा वेग आणि दमदार पाय उपयोगी पडतात. फाटलेला कागद पडत नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. रविवारी संध्याकाळच्या हजेरीत सदनप्रमुखांनी प्रत्येकाला 'तुला काय व्हायचे आहे?' हे विचारणे थांबवावे. त्याचे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. त्याऐवजी गेल्या आठवड्याचा एक आकडा आणि येत्या आठवड्याचा एक आकडा विचारावा. 2.4 किलोमीटरची वेळ चालेल, पुल-अप्स चालतील, चुकलेली गणितेही चालतील. साठ मुलांना फार तर पंधरा मिनिटे लागतील. माझे या आठवड्याचे आकडे मी द्यायला तयार आहे : चुकीची उत्तरे 22, पुढच्या रविवारी 19.