थांबण्याची मजुरी

वार्षिक अंकात कला शाखेच्या द्वितीय वर्षातील विद्यार्थ्याने इंजिनाच्या व्हॉल्व्हवर लेख लिहावा, हे काहींना विचित्र वाटेल. अंकात कविता असतात, सहलीचे वर्णन असते, हुंड्यावर एक लेख असतो आणि ‘आजचा तरुण कोठे चालला आहे’ या विषयावर तर दोन-तीन असतात. त्या लेखांविषयी मला आदरच आहे. पण आजचा तरुण ज्या वाहनातून चालला आहे ते वाटेत बंद पडले तर काय करायचे, याचाही विचार कोणी तरी करायला हवा. म्हणून हा प्रपंच.

माझे म्हणणे असे की, वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या इंजिनाला मोकळे करण्याची जी विद्या आपल्या भागातील जुन्या मिस्त्रींच्या हातात आहे, तिला आपण विद्या मानतच नाही. मानत नाही म्हणून तिची मजुरी देत नाही, आणि मजुरी नाही म्हणून ती शिकायला कोणी येत नाही. हे मी पुस्तकात वाचून म्हणत नाही. माझे मामा मिस्त्री आहेत. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी त्यांच्या हाताखाली पाने देण्याचे काम केले.

गाडी होती फार्गो. गावातील गुळाच्या एका व्यापाऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती १९७८ पासून उभी आहे. आजच्या पोरांना फार्गो हे नाव ठाऊक नसेल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली आणि अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार केला. त्या करारातून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो आणि फार्गो या नावांचे ट्रक तयार होऊ लागले. नावे तीन, पण गाडी बहुतेक एकच. त्याच्याही आधी, १९२८ पासून, जनरल मोटर्सचा कारखाना शिवडीला होता. तिथे शेवरलेट जोडली जाई. तो १९५४ साली बंद झाला. त्याच वर्षी टेल्कोने डाइम्लर-बेंझशी करार केला आणि डिझेल ट्रकांचे युग सुरू झाले. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले तेव्हा पेट्रोलवर माल वाहणे कोणालाच परवडेना. आमच्या गावची फार्गो पेट्रोलची. ती पाच वर्षे कशीबशी चालली आणि मग शेडमध्ये गेली.

इंजिन उभे राहिले की व्हॉल्व्ह का अडकतात, हे मला मामांनी ज्या रीतीने समजावले त्याच रीतीने सांगतो. सहा सिलिंडरच्या इंजिनात बारा व्हॉल्व्ह असतात. इंजिन बंद करताना ते कोठेही थांबो, बारांपैकी साधारण चार उघडेच राहतात. आपण किल्ली काढून घरी जातो, पण चार दारे उघडी असतात. सायलेन्सरच्या वाटेने पावसाळी हवा आत येते. व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत वरखाली सरकते तिला गाईड म्हणतात. दांडी आणि गाईड यांच्यात जेमतेम केसाएवढी फट असते. त्या फटीत गंज धरतो. शिवाय जुन्या पेट्रोलचा आणि ऑइलचा चीक वाळून लाखेसारखा बसतो. मग स्प्रिंग कितीही जोराची असली तरी ती दांडी ओढू शकत नाही. (आता तर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल ओलावा ओढून घेते. ज्यांच्या घरी जुनी स्कूटर टाकीत पेट्रोल ठेवून उभी असेल, त्यांनी ते आजच काढून टाकावे.)

शेडमध्ये पहिल्याच दिवशी वाद झाला. व्यापाऱ्यांच्या नातवाला गाडी दसऱ्यालाच मिरवणुकीत काढायची होती. तो मुहूर्त हुकल्यामुळे तो आधीच चिडलेला. एका तरुण गॅरेजवाल्याने त्याला सांगितले होते की ट्रॅक्टरला दोर बांधा, टॉप गिअर टाका आणि टोचन करून ओढा. चाके फिरली की इंजिन फिरेल. “मिस्त्री, अर्ध्या तासाचं काम आहे,” असे नातू म्हणाला. मामांनी दोर उचलून कोपऱ्यात टाकला आणि म्हणाले, “दादा, अर्ध्या तासात गाडी मारायचीच हाय तर मला कशाला बोलावलंसा?”

या ठिकाणी थोडा तपशील द्यावा लागेल, कारण माझे सारे मत त्यावरच उभे आहे. शेवरलेटचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या वर, हेडमध्ये लटकलेले असतात. खालच्या कॅमकडून एक लांब सळई वर जाते आणि रॉकरच्या मार्फत व्हॉल्व्ह दाबते. व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला असेल आणि कोणी जबरदस्तीने इंजिन फिरवले, तर ती सळई वाकते; उघड्या अवस्थेत अडकला असेल तर वर येणारा पिस्टन त्याला धडक देऊ शकतो. फार्गोचे तसे नाही. तिचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच, डोके वर करून उभे असतात. कॅम त्यांना खालून उचलतो, स्प्रिंग खाली ओढते. अडकला तर व्हॉल्व्ह वरच राहतो. पिस्टन त्याच्या शेजारून निघून जातो, त्याला शिवत नाही. म्हणजे फार्गोचे व्हॉल्व्ह टोचन सहन करतील. पण पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला धरलेल्या असतात आणि बेअरिंगमध्ये तेलाचा थेंब नसतो. त्या गोष्टी टोचन सहन करणार नाहीत. नातवाला सल्ला देणाऱ्या गॅरेजवाल्याला या दोन इंजिनांतील फरक ठाऊक नव्हता. मामांना तो पाहताक्षणी कळला. मामा सातवी नापास आहेत.

मग बारा दिवस काम चालले. पहिले चार दिवस पाहणाऱ्याला काहीच घडताना दिसले नसते. मामांनी सहाही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ ऑइलचे मिश्रण ओतले (पूर्वी रॉकेल वापरीत, ते हल्ली सहजी मिळत नाही), बाजूची झाकणे काढून प्रत्येक गाईडच्या तोंडाशी तेच मिश्रण पिचकारीने मारले आणि ते घरी गेले. संध्याकाळी पुन्हा आले, पुन्हा तेल मारले, पुन्हा घरी. तिसऱ्या दिवशी रेडिएटरमध्ये उकळते पाणी ओतले. ब्लॉक ऊबदार झाला की तेल पातळ होऊन फटीत शिरते. पाचव्या दिवशी पुढून हँडल लावले आणि हळूच जोर दिला. ते पाव फेरा हलले. मामा तेवढ्यावर थांबले. मला वाटले होते, आता ते सगळा जोर लावतील. त्यांनी हँडल उलट फिरवून पूर्ववत केले आणि पुन्हा तेल घातले.

हेड उतरवल्यावर चार व्हॉल्व्ह वर अडकलेले दिसले. इंजिन फिरू लागल्यावर पाचवाही सापडला: तो बंद होता, कॅमने त्याला वर उचलले आणि तो खाली यायचे विसरला. आता खरे काम. आधी हँडल फिरवून त्या व्हॉल्व्हखालचा कॅमचा उंचवटा दूर न्यायचा. मग व्हॉल्व्हच्या डोक्यावर, अगदी मध्यावर, सागवानी तुकडा ठेवून वरून लाकडी मोगरीने टिचकी मारायची. कडेला मारले तर दांडी वाकते. एक सूतभर खाली आला की थांबायचे. बसवून टाकायचा मोह टाळायचा, कारण गंजाचा चुरा खाली दाबला गेला की व्हॉल्व्ह पहिल्यापेक्षा घट्ट बसतो. पुन्हा हँडल फिरवायचे, म्हणजे कॅमच त्याला खालून वर उचलतो. तेल. पुन्हा टिचकी. सूतभराचे दीड सूत होते, दीडाचे दोन. चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असा दोन दिवस वरखाली करावा लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी मोगरी न लावताच तो स्प्रिंगच्या जोराने टक् करून बसला. तो आवाज मी कधी विसरणार नाही. मामा मात्र फक्त “हं” म्हणाले आणि त्यांनी विडी पेटवली. शेडबाहेर जाऊन, हे सांगायला हवे.

बाराही व्हॉल्व्ह काढून, दांड्या साफ करून, पेस्ट लावून दोन तळहातांत रवीसारखे घुसळून बसवले. प्रत्येकाच्या डोक्याभोवती पेट्रोल ओतून खालून गळते का पाहिले. एकही व्हॉल्व्ह बदलावा लागला नाही, आणि बदलायचा म्हटले असते तरी आमच्या तालुक्यात कोठे मिळणार होता!

मग हिशेब झाला. मालकांच्या घरच्यांनी सरळ विचारले, “पहिले चार दिवस काय केलं?” मामा म्हणाले, “तेल घातलं.” “म्हणजे दिवसातनं दहा मिनिटं.” शेवटी बारा दिवसांचे सहा दिवस धरले गेले. मामांनी ते घेतले. मालक माणूस वाईट नाही. गुळाच्या काहिलीवर बसणाऱ्या गुळव्याला तो रस उकळण्याची मजुरी देतो, आणि चाक कधी उतरवायचा हे ओळखण्यासाठी गुळवा थांबलेला असतो हेही त्याला कळते. पण इंजिनाशी थांबणे हे त्याला काम वाटत नाही. गॅरेजच्या बिलात दोन रकाने असतात, सामान आणि मजुरी. सामान लागले नाही म्हणजे काम झाले नाही, असा आपला समज आहे. ज्याने दोन व्हॉल्व्ह आणि चार गाईड मोडून नवीन बसवले असते त्याचे बिल मोठे झाले असते आणि ते मुकाट्याने दिलेही गेले असते.

यावर कोणी म्हणेल की ही सगळी हौसेची गोष्ट आहे. आजचा ट्रक असा बारा दिवस उभा ठेवला तर हप्ते कोण भरणार? हे मला पूर्ण मान्य आहे. रोजीरोटीच्या ट्रकचे हेड बिघडले तर ते उतरवून दुसरे चढवावे आणि संध्याकाळी भाडे घ्यावे, हेच बरोबर. पण जिथे सुटा भाग मिळतच नाही तिथे मोकळे करणे हाच एक मार्ग उरतो. २०२१ साली केंद्र सरकारने नियम करून ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी देऊ केली. तो नियम हौशी लोकांच्या मोटारी डोळ्यांसमोर ठेवून झाला आहे, हे उघड आहे. तरी त्यातला ‘मूळ स्वरूपात’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. मूळ स्वरूप राखणार कोण? कागदावर नोंदणी होईल, पण मोगरीची टिचकी कोठे मारावी हे ज्याला कळते तो माणूस कोणत्या कार्यालयात नोंदला जातो? हल्ली महामार्गावरच्या हॉटेलांच्या दारात जुने ट्रक लाल-पिवळे रंगवून उभे केलेले दिसतात. लोक त्यांच्यासमोर फोटो काढतात. मला त्या ट्रकांकडे पाहवत नाही. त्यांच्या बॉनेटखाली चार दारे कायमची उघडी आहेत.

आमच्या प्राध्यापक मंडळींना एक विनंती करायची आहे, आणि ती करण्यासाठीच हा लेख लिहिला. श्रमप्रतिष्ठेवर भाषणे पुष्कळ झाली. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही सात दिवस खोरी मारतो, समारोपाला पाहुणे येतात, टाळ्या होतात. त्यात गैर काही नाही, पण खोरे मारण्यात जी प्रतिष्ठा आहे ती घामाची. मामांच्या कामात घाम फारसा नव्हताच; होते ते ज्ञान आणि धीर. ते ज्ञान आहे म्हणून मराठीच्या विभागात त्याला जागा मिळावी, एवढेच मागणे आहे. मराठीशी याचा संबंध काय, असे विचारू नये. १९२० साली किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली आणि तिचेच पुढे महाराष्ट्रभर वाचले जाणारे मासिक झाले. नांगराच्या कारखान्यातून मराठी साहित्य निघू शकते, तर गॅरेजमधून निदान एक वही निघायला हरकत नसावी.

आणि शब्द तर पाहा. पुस्तकात व्हॉल्व्हला झडप म्हणतात. जीवशास्त्राच्या तासाला हृदयाच्या झडपा आम्ही पाठ केल्या. गॅरेजमध्ये झडप म्हटले तर हेल्पर हसतो. पण त्याच गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह ‘रुसतो’, ‘बसतो’, ‘धरतो’, ‘पाणी पितो’. मामा अडकलेल्या व्हॉल्व्हला ‘धरलेला’ म्हणतात आणि नुसत्या चिकाने जड झालेल्याला ‘आळसावलेला’. पहिल्याला मोगरी, दुसऱ्याला फक्त तेल. हा भेद कोणत्याही परिभाषा कोशात मला सापडला नाही. मामा साठीच्या पुढे आहेत. त्यांच्या हाताखालचे दोन्ही हेल्पर पुण्याला कंपनीत कंत्राटावर लागले. तिथे पगार महिन्याच्या महिन्याला होतो; मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

मी दोनशे पानी वही घातली आहे. त्यात फार्गोची सत्तावीस पाने झाली. इंजिन अजून सुरू झालेले नाही; टाकी आणि कार्बोरेटर साफ व्हायचे आहेत, आणि मामांनी उन्हाळ्याची सुटी म्हटले आहे. वर्गमित्रांपैकी ज्यांच्या घरी, शेजारी किंवा गावात जुने मिस्त्री, लोहार, पंपवाले, चरकवाले असतील त्यांनी मला भेटावे. मंगळवारी आणि गुरुवारी तिसऱ्या तासानंतर मी वाचनालयात असतो. येताना त्या मिस्त्रींना एकच प्रश्न विचारून यावे: धरलेली वस्तू सोडवताना ते किती दिवस थांबतात, आणि त्या दिवसांचे कोणी काही देते का.