नोंदणी विवाह खालापुरात का लागू नये?



विशेष विवाह कायद्याने लग्न करायचे ठरवलेल्या मोहोपाड्याच्या जोडप्याला वऱ्हाड घेऊन अलिबाग गाठावे लागते, कारण जिल्ह्याचे विवाह अधिकारी तिथे बसतात. रसायनी स्टेशनवरून गाडी पकडली तर ती पेणपर्यंतच कामाची, पुढे वडखळमार्गे एसटी. स्वतःची गाडी केली तरी जाण्यायेण्यात दिवस जातो. तालुक्याला, खालापूरला, जमिनीचे खरेदीखत होते, गहाणखत होते, मृत्युपत्रही नोंदवले जाते. लग्न तेवढे लागत नाही. हे बदलायला हवे आणि त्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही.

1954 च्या या कायद्याचे कलम 3 राज्य सरकारला राज्याच्या कोणत्याही भागासाठी एक किंवा अधिक विवाह अधिकारी नेमण्याची मुभा देते. जिल्ह्याला एकच अधिकारी, असे त्यात कुठेही नाही. कलम 12 तर आणखी उदार आहे. जादा शुल्क भरले की कार्यालयापासून वाजवी अंतरावर वधूवरांना हव्या त्या जागी लग्न लावता येते, आणि तेही हव्या त्या पद्धतीने. हार घाला, अक्षता टाका, काहीच करू नका. फक्त अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांचा कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकार करत असल्याचे तोंडाने म्हटले पाहिजे. खालापूर-कर्जतसाठी वेगळा अधिकारी असेल तर मोहोपाड्यातला एखादा हॉल ‘वाजवी अंतरावर’ सहज येईल.

आमच्या नात्यातल्या एका मुलीचे लग्न असेच अलिबागला जाऊन झाले. दोन्ही घरांची संमती होती, मुलगा पाताळगंगा एमआयडीसीत नोकरीला. साक्षीदार म्हणून आलेल्या त्याच्या मित्रांनी पगारी रजा मिळेना म्हणून खाडा केला. मुलीची आजी गाडी लागते म्हणून घरीच राहिली आणि नातीने खणखणीत आवाजात म्हटलेले ते एक वाक्य तिने व्हिडिओ कॉलवर ऐकले. जिने त्या मुलीला लहानाची मोठी केली, तिला लग्नाला हजर राहता आले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

अंतराचा फायदा दलाल घेतात. ‘एका दिवसात कोर्ट मॅरेज’ असे सांगून ते पैसे उकळतात. या कायद्याने एका दिवसात लग्न होतच नाही. दोघांपैकी एकाचा जिल्ह्यात किमान तीस दिवस रहिवास हवा. मग नोटीस द्यायची, ती कार्यालयात तीस दिवस लावली जाते आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचे. दलाल देतो तो बहुधा कुठल्यातरी संस्थेचा विधी झाल्याचा कागद आणि त्यावरची नोंदणी. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉली राणी प्रकरणात स्पष्ट केले आहे, की हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालाच नसेल तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न होत नाही. ग्रामपंचायतीत होते तीही आधी लागलेल्या लग्नाची नोंद. हा फरक कुणी समजावून सांगत नाही, आणि फसतात ती कंपन्यांत राबणारी, बाहेरगावची पोरे-पोरी.

नोटीस फलकावर लागावी का, हा वाद मोठा आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2021 मध्ये ती प्रसिद्ध करणे जोडप्याच्या इच्छेवर सोडले, आणि मला तेच योग्य वाटते. पण ते कायद्याचे काम आहे, वेळ लागेल. अधिकारी नेमणे हे एका अधिसूचनेचे काम आहे.

काही जण म्हणतील, असली लग्ने करणारे असतात किती? दाराशी सोय नाही म्हणून करणारे कमी दिसतात. शिवाय भटजीविना लग्न ही या मातीला परकी गोष्ट नाही. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने 25 डिसेंबर 1873 रोजी पुण्यात असे पहिले लग्न लावले. तमिळनाडूने 1967 मध्ये हिंदू विवाह कायद्यात कलम 7-अ घालून आप्तेष्टांसमोर, पुरोहिताविना होणाऱ्या स्वाभिमान विवाहांना मान्यता दिली. महाराष्ट्राकडे असे कलम आजही नाही. म्हणजे ज्यांना विधी नको आहेत, किंवा ज्यांचे धर्म वेगळे आहेत आणि कुणालाच धर्म बदलायचा नाही, त्यांच्यापुढे बहुधा विशेष विवाह कायदा हाच रस्ता उरतो. तो तरी जवळचा असावा.

नोंदणी महानिरीक्षक आणि कर्जत-खालापूरच्या लोकप्रतिनिधींना माझी विनंती आहे, की पूर्ण वेळ अधिकारी लगेच नेमता येत नसेल तर निदान पंधरवड्यातून एक ठरलेला दिवस विवाह अधिकाऱ्यांनी खालापूरला बसावे. तो दिवस, सरकारी शुल्क आणि लागणाऱ्या कागदपत्रांची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठी आणि हिंदीत लावावी. येत्या लग्नसराईपूर्वी एवढे करता येण्यासारखे आहे.

– एक वाचक, मोहोपाडा (ता. खालापूर, जि. रायगड)