घरचा प्रिंटर आणि छापखाना
प्रिंटरच्या खोक्यावरचे ४८०० डीपीआय म्हणजे शाईच्या थेंबांची दाटी, चित्रातला तपशील नव्हे; दिवाळी अंकाला चित्र देणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. आर्ट पेपरवरच्या ऑफसेट छपाईत ठिपक्यांची जाळी इंचाला साधारण १५० रेषांची असते, त्याच्या दुप्पट, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल चित्रात हवेत. सहा बाय चार इंचांना १८०० बाय १२०० पुरतात. सेटिंगमध्ये नुसता आकडा वाढवून नवा तपशील येत नाही. रेखाचित्रांची मात्र मला खरी काळजी वाटते. काळ्या शाईची रेघ जाळीविना छापतात, म्हणून ती १२०० डीपीआयवर स्कॅन करावी. नाहीतर तिरक्या रेघेला पायऱ्या पडतात आणि चित्रकाराच्या हाताचा डौलच जातो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेलं, दाबून लहान झालेलं चित्र छापखान्यात देऊ नका, मूळ फाइलच द्या.