मावळच्या बाईची हाडं दगडाची नाहीत

हाडं ठिसूळ होणं हा म्हणे शहरातल्या, एसीत बसणाऱ्यांचा आजार. मावळची बाई उन्हात राबते, डोंगर चढते, तिला कसली आलीय धास्ती? आरोग्यावर व्याख्यानं देणाऱ्या एका गृहस्थांचं हे मत ऐकून लोक टाळ्या वाजवतात, याचा मला संताप येतो. हे कौतुक बाईच्या जिवावर उठणारं आहे.

आधी उन्हाचंच बघू. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर ढग आणि धुकं. भातलावणीला बाई दिवसभर चिखलात वाकते, ती पाठीवर इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद घेऊन. उरलेल्या महिन्यांत अंगभर लुगडं, डोक्यावर पदर. बरं, ऊन भरपूर मिळालं असं धरू. उन्हानं कातडीत तयार होणारं ड जीवनसत्त्व खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात घ्यायला मदत करतं. ताटातच कॅल्शियम नसेल तर ते घेणार कुठून? हृदयाला आणि स्नायूंना ते सतत लागतं, म्हणून शरीर हाडांतून काढून घेतं. प्रौढ माणसाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम हवं. १०० ग्रॅम नाचणीत ते ३४० च्या आसपास असतं, तांदळात जेमतेम १०. मावळात वरकस, म्हणजे हलक्या माळजमिनीवर नाचणी आणि वरी पिकायची. त्याच माळांवर आता बंगल्यांचे प्लॉट पडलेत. आता घरात इंद्रायणी तांदळाचा भात, दूध डेअरीला आणि बाईच्या वाट्याला कोरा चहा.

कष्टानं हाड बळकट होतं, हे खरंच. पण ते मुख्यतः तिशीपर्यंत घडतं. पाळी गेल्यावर पहिली काही वर्षं झीज झपाट्यानं होते, ती नुसत्या खुरपणीनं थांबत नाही. वय झालं की पोक येणारच, हेही खोटं. पुष्कळदा मणका दबून मोडलेला असतो आणि घरात कुणाला पत्ताही नसतो. आणि पुरुष यातून सुटलेले नाहीत.

मुलींच्या ताटात आजपासून नाचणीची भाकरी, तीळ, शेवग्याचा पाला, कपभर दूध हवं. तंबाखूची मिशेरी हाडांनाही वाईट, ती सुटली पाहिजे. घसरून पडायला नको म्हणून ओल्या अंगणातलं शेवाळ खरवडून काढा. साध्या पडण्यानं मनगट मोडलं तर प्लास्टरवर थांबू नका, हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या. झीज रोखणारी औषधं आहेत. ती खुबा मोडण्याआधी सुरू व्हायला हवीत. आईची उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल, तर तिला याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या.